देवळातून काचपेटीत: एका अजगराचा प्रवास

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, अटलांटिकच्या किनाऱ्यापासून चारेक किलोमीटर आत वीदा नावाचं जुनं गाव आहे. या गावात सकाळी पाण्याच्या भांड्यामागे किंवा धान्याच्या पोत्याआड अजगर वेटोळं घालून बसलेला दिसला, तर काठी शोधायला कोणी धावत नाही. घरातलं जाणतं माणूस त्याला आदराने वंदन करतं, दोन्ही हातांनी अलगद उचलतं आणि गावातल्या अजगरांच्या देवळात नेऊन पोचवतं. रात्री देवळातले साप उंदीर-घुशी शोधायला मोकळे सोडले जातात. त्यातले काही भटकत भटकत वस्तीत शिरतात. ज्याच्या घरी साप गेला त्याने त्याला दुखापत होऊ न देता परत आणायचं, हा तिथला जुना रिवाज आहे.

देऊळ तसं लहानच. आवार, त्यात काही पूजास्थानं आणि पन्नासेक अजगर एकमेकांच्या अंगावर पडून असलेली एक गोल खोली. रस्त्याच्या पलीकडे समोरच कॅथॉलिक पंथाचं मोठं चर्च उभं आहे. पर्यटक येतात, गळ्यात अजगर घेऊन छायाचित्र काढतात. साप शांत असतो. घाबरला तर चावण्याऐवजी तो अंगाचा घट्ट गोळा करतो आणि डोकं मधोमध लपवतो.

याच सवयीमुळे त्याला अमेरिकेत ‘बॉल पायथन’ म्हणतात. इंग्लंड-युरोपात तो ‘रॉयल पायथन’ आहे आणि शास्त्रीय नाव ‘पायथन रेजियस’. आज जगभरात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांत याची गणना होते. लंडन, न्यूयॉर्क, बँकॉक आणि गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातल्या काही सदनिकांमध्येही तो काचेच्या पेटीत राहतो. तिथे एखाद्या सकाळी पेटीचं झाकण सरकलेलं आणि पेटी रिकामी दिसली की घरात हलकल्लोळ माजतो. वीदात ज्या सापाचं घरात येणं ही रोजची गोष्ट आहे, त्याचंच घरात हरवणं दुसरीकडे संकट ठरतं. या दोन टोकांच्या मध्ये तीनेकशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात व्यापाराचा वाटा मोठा आहे.

त्याआधी हा साप राहतो कसा ते पाहायला हवं. आफ्रिकेतल्या अजगरांत हा सर्वांत लहान. पूर्ण वाढलेली मादी साधारण चार-पाच फूट भरते, नर त्याहून आखूड. अंग जाड, मान बारीक, तपकिरी-काळ्या अंगावर सोनेरी-पिवळसर ठिपके. विष नाही. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशात आणि शेतांच्या कडेने त्याची वस्ती असते. दिवसभर तो जमिनीखाली असतो. उंदरांनी सोडलेली बिळं आणि वारुळांतल्या पोकळ्या ही त्याची घरं. अंधार पडल्यावर तो बाहेर येतो, वाटेच्या कडेला दबा धरून बसतो आणि ओठांवरच्या खळग्यांनी सावजाच्या अंगाची ऊब हेरतो. एकदा पोटभर खाल्लं की कित्येक दिवस हलत नाही. उन्हाळ्यात किंवा विणीच्या काळात महिनोन्‌महिने उपाशी राहणंही त्याला जमतं. मादी बिळातच सहा-सात अंडी घालते आणि जवळजवळ दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. अरुंद, काळोखी, उबदार जागा आणि अंगाला चारही बाजूंनी टेकणारी भिंत: या सापाला सुरक्षित वाटायला एवढं पुरतं. वीदातल्या घरात त्याला ती रांजणामागे सापडते, न्यूयॉर्कच्या घरात फ्रीजमागे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या भागात हुएदा नावाचं छोटं राज्य होतं. त्याची राजधानी सावी आणि बंदराची वस्ती वीदा. डच, इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज व्यापारी इथे गुलामांच्या खरेदीसाठी जमत. या एका बंदरातून पुढच्या दोनेकशे वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं जहाजांवर चढवली गेली. वीदाबद्दल बोलताना हे विसरता येत नाही, कारण त्या काळच्या सर्पपूजेची लेखी माहिती मुख्यतः याच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेली आहे.

त्यांतला विलेम बोसमान हा डच वेस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. गिनीच्या किनाऱ्याविषयीचं त्याचं पत्ररूप पुस्तक १७०४ मध्ये डच भाषेत आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत निघालं. हुएदात अजगर हा सर्वांत मोठा देव, त्याच्या खालोखाल उंच झाडं आणि मग समुद्र, असं तो सांगतो. पाऊस हवा, पीक हवं, राज्यावरचं संकट टळायला हवं, म्हणून राजाकडून सापाच्या ठाण्याला नैवेद्य जाई. दांगबे हे या देवाचं नाव. त्याचे पुजारी होते, त्याला वाहिलेल्या स्त्रिया होत्या.

बोसमानच्या पुस्तकात घरात शिरलेल्या एका सापाचा तपशीलवार प्रसंग आहे. तो जेवत असे त्या मेजाच्या वर, छताजवळ एका अजगराने मुक्काम ठोकला. हात वर केला तर लागेल इतक्या अंतरावर तो होता, पण त्याला हलवायला गावातलं कोणीच धजेना. चौदा दिवस साप तिथेच. एकदा काही प्रतिष्ठित मंडळी बोसमानकडे जेवायला आली होती. इतके दिवस अन्न मिळालं नाही तर तुमचा देव उपाशी मरेल, असं तो म्हणाला. त्यावर पाहुण्यांनी सांगितलं, की देव कोणाच्या नकळत ताटातलं घेतच असणार. दुसऱ्या दिवशी बोसमानने राजापुढे मागणी मांडली: तुमचा देव न बोलावता माझ्या मेजावर चौदा दिवस जेवतो आहे, तर त्याच्या जेवणाचा खर्च मला मिळावा. राजाने सापाला तिथेच राहू द्यायला सांगितलं आणि बोसमानकडे एक धष्टपुष्ट बैल पाठवून दिला.

बोसमानने हे थट्टेच्या सुरात लिहिलं आहे. आजच्या वाचकाला त्यातून दुसऱ्या दोन गोष्टी कळतात. पहिली सापाबद्दलची. चौदा दिवस एका जागी न खाता बसून राहणं अजगराला मुळीच अवघड नाही, त्यामुळे प्रसंगाचा गाभा सहज पटण्यासारखा आहे. दुसरी माणसांबद्दलची. साप कोणाच्याही घरात शिरू शकतो हे हुएदाच्या समाजाने गृहीत धरलेलं होतं, आणि त्याच्यामुळे होणारी गैरसोय राजा स्वतः भरून देत होता.

या रिवाजाचा कठोर भागही बोसमान नोंदवतो. इंग्रज पहिल्यांदा इथे उतरले तेव्हा त्यांच्या काही खलाशांना रात्री घरात साप दिसला. त्यांनी तो मारून दाराबाहेर फेकला. सकाळी लोकांनी मेलेला साप पाहिला, कोणी मारलं ते विचारलं आणि कबुली मिळताच त्या इंग्रजांना ठार करून त्यांचं घर मालासकट जाळून टाकलं. त्यानंतर किनाऱ्यावर नव्याने येणाऱ्या प्रत्येक युरोपीय माणसाला सापाला हात न लावण्याची ताकीद मिळू लागली. घरात साप आलाच तर गावकऱ्यांना बोलवायचं. ते येत आणि आदराने त्याला घेऊन जात. एका डुकराने साप खाल्ला, तेव्हा राज्यातली डुकरं मारून टाकण्याचा हुकूम सुटला आणि लोक तलवारी-सोटे घेऊन निघाले, ही हकिकतही बोसमाननेच लिहिली आहे.

हुएदाचं राज्य १७२७ मध्ये कोसळलं. उत्तरेकडच्या दाहोमे राज्याचा राजा अगाजा याला समुद्रापर्यंत वाट हवी होती. विल्यम स्नेलग्रेव्ह हा इंग्रज जहाज-कप्तान त्या लढाईनंतर थोड्याच दिवसांत तिथे पोचला. १७३४ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या पराभवाची हकिकत येते. दाहोमेचं सैन्य नदीपलीकडे येऊन ठेपलं, तरी हुएदाच्या लोकांनी उताराच्या जागी पुरेसा पहारा बसवला नाही. सकाळ-संध्याकाळ विधीपूर्वक साप नदीकाठी नेला जाई, आणि तो शत्रूला अडवील असा त्यांचा भरवसा होता. थोडेसे सैनिक नदी उतरून आले आणि सावी पडली. घराघरांत माणसांच्या अंगाखांद्यावर वावरणारे अजगर सैनिकांना सापडले. त्यांनी सापांना मधोमध धरून वर उचललं, देव असाल तर बोला आणि स्वतःला वाचवा असं म्हटलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा डोकी उडवून मांस निखाऱ्यावर भाजून खाल्लं.

दांगबेची पूजा तिथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. जिंकलेल्या मुलखात राज्य करायचं तर तिथल्या देवांशी जुळवून घ्यावं लागतं, हे दाहोमेच्या राजांनी ओळखलं. काही वर्षांतच वीदातली सर्पपूजा राजाश्रयाने पुन्हा सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात साप मारण्याची शिक्षाही कायम होती, फक्त तिचं रूप बदललं होतं. १८४५ च्या सुमारास जॉन डंकन या स्कॉटिश प्रवाशाने ती पाहिली. अपराध्यांना वाळलेल्या काटक्या-गवताच्या छोट्या झोपड्यांत बसवत आणि झोपड्या पेटवून देत. त्यांनी त्यातून निसटून वाहत्या पाण्यापर्यंत धावायचं. वाटेत जमाव काठ्यांनी आणि ढेकळांनी मारत असे. पाणी गाठलं तर सुटका. १८६३-६४ मध्ये रिचर्ड बर्टन दाहोमेच्या राजाकडे इंग्रज सरकारचा वकील म्हणून गेला तेव्हा त्यानेही वीदाचं सर्पमंदिर पाहिलं: मातीच्या भिंतींची, शंकूसारख्या गवती छपराची एक गोल झोपडी.

गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी हा देव समुद्रापार नेला. हैतीत वोडू धर्माचा दांबाला हा सर्पदेव आजही पूजला जातो आणि त्याचं मूळ याच किनाऱ्यावरच्या ‘दान’ या सर्पदेवतेत आहे. त्या लोकांबरोबर साप गेले नव्हते, फक्त देव गेला होता. साप गेले ते विसाव्या शतकात, आणि त्यांच्याबरोबर देव गेला नाही.

हा नवा व्यापार १९७० नंतर वाढीला लागला. युरोप-अमेरिकेत सरपटणारे प्राणी पाळण्याचा छंद फोफावत होता. त्याला लहान, शांत, बिनविषारी आणि स्वस्त साप हवा होता. घाना, टोगो आणि बेनिन या तीन शेजारी देशांतून तो मिळू लागला. कोरड्या ऋतूच्या अखेरीस, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, गावोगावचे साप पकडणारे शेताच्या कडेची बिळं खणतात. गाभण माद्या आणि अंडी व्यापाऱ्यांच्या केंद्रांवर पोचतात, अंडी तिथे उबवली जातात आणि पिल्लं कापडी पिशव्यांतून विमानाने परदेशी जातात. काही माद्या आणि काही पिल्लं परत रानात सोडावीत अशी या पद्धतीत अपेक्षा असते. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा अजगर आहे, म्हणजे त्याचा व्यापार परवान्याने चालतो. १९७५ पासून आजवर आफ्रिकेतून परदेशी गेलेल्या या सापांची नोंदलेली संख्या काही दशलक्षांत भरते.

सुरुवातीच्या काळात पकडून आणलेले प्रौढ साप परक्या घरात खायला तयार होत नसत आणि बरेचसे मरत. मग अमेरिकेतल्या पैदासकारांनी घरच्या घरी वीण घ्यायला सुरुवात केली. १९९२ मध्ये बंदिस्त जागेत पांढऱ्या-पिवळ्या वर्णहीन पिल्लांची पहिली पैदास यशस्वी झाली आणि बाजाराचं रूपच पालटलं. रानातून येणाऱ्या हजारो सापांत एखादा वेगळ्या रंगाचा निघाला की त्याला मोठी किंमत येऊ लागली. आज या एका जातीत माणसाने घडवलेले रंग आणि नक्षीचे प्रकार हजारोंच्या संख्येने मोजले जातात. या निवडीची किंमत सापानेही मोजली आहे. ‘स्पायडर’ नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारात मान डळमळते, डोकं थरथरतं, काही साप उलटे होऊन पडतात. हा दोष त्या नक्षीच्या जनुकाशीच जोडलेला असल्यामुळे रंग ठेवून दोष काढता आलेला नाही.

घरात ठेवलेल्या या सापाला कितीही पिढ्या लोटल्या तरी रात्री हिंडायचं असतं. काचपेटीचं सरकतं दार बोटभर उघडं राहिलं, जाळीचं झाकण चाप न लावता नुसतं ठेवलं, तर तो नाकाने ढकलत राहतो. डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंगही आक्रसून निघतं. बहुतेक वेळा माणूस सकाळी उठतो तेव्हा सापाला बाहेर पडून पाच-सहा तास झालेले असतात.

इथे वीदाचं ज्ञान आणि आजच्या सर्पपालकांचा अनुभव एकत्र येतात. सुटलेला अजगर फार लांब जात नाही. त्याला पळून कुठे जायचं नसतं, बीळ हवं असतं. म्हणून अनुभवी माणूस आधी पेटीच नीट तपासतो. पाण्याच्या भांड्याखाली आणि भुशाच्या थरात दडलेला साप ‘हरवला’ म्हणून घर पालथं घातल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग खोलीचं दार बंद होतं, फटीत टॉवेल कोंबला जातो, मोऱ्यांची छिद्रं झाकली जातात, मांजर-कुत्रं दुसरीकडे हलवलं जातं. शोध भिंतीच्या कडेने सुरू होतो. मोकळ्या जमिनीवर साप अस्वस्थ असतो आणि शक्यतो एका अंगाने भिंतीला टेकून सरकतो. फ्रीजच्या मागच्या बाजूचा गरम कॉम्प्रेसर, कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, टीव्हीच्या कपाटातला वायरींचा गुंता, सोफ्याच्या खालच्या कापडाची उसवलेली शिवण, पलंगाच्या खणाचा मागचा भाग, पुस्तकांच्या ओळीमागची पोकळी: सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सोफा किंवा सरकती खुर्ची हलवण्याआधी तिच्या सांध्यांत पाहावं लागतं, नाहीतर आत शिरलेला साप चिरडतो.

दिवसा सापडला नाही तर रात्रीची वाट पाहतात. दारांच्या उंबऱ्यांशी पिठाचा पातळ थर भुरभुरतात. सकाळी त्यात सरळ, रुंद पट्टा उमटलेला असला तर तो कोणत्या खोलीत गेला ते कळतं. कोणी भिंतीकडेने कुरकुरीत प्लॅस्टिकच्या पिशव्या पसरतं आणि दिवे मालवून कानोसा घेतं. कोणी गरम पट्टीवर लपायचं खोकं ठेवून त्याच्याजवळ मेलेला उंदीर ठेवतं. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. सापाचं अंग भोवतालच्या वस्तूंइतकंच गार किंवा गरम असतं, त्यामुळे तो पडद्यावर वेगळा उठून दिसत नाही. काही साप त्याच रात्री सापडतात, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी. न खाता तग धरण्याची जी ताकद रानात कामी येते, तीच इथेही येते, म्हणून शोध लवकर सोडून देऊ नये असं जाणकार सांगतात.

मोठ्या संस्थांतून निसटलेल्या सापांनीही हेच दाखवलं आहे. २०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून इजिप्तचा एक तरुण नाग नाहीसा झाला, आणि शहरभर चर्चा सुरू असताना तो सहा दिवसांनी त्याच सर्पगृहाच्या एका काळोख्या कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला मिळाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयातला नागराज छतातल्या दिव्याच्या फटीतून बाहेर पडला. पूर्वी तिथे तापणारा दिवा होता, त्यामुळे साप त्या फटीजवळ जात नसे. वीज वाचवण्यासाठी नवा, न तापणारा दिवा बसवला आणि वाट मोकळी झाली. क्ष-किरण यंत्रांनी तो भिंतीतल्या पोकळीत असल्याचं कळलं. आठवडाभराने साप आपण होऊन आपल्या पेटीत परतला.

सगळ्या कहाण्या अशा सुखाने संपत नाहीत. जर्मनीतल्या म्युलहाइम शहरात २०१० मध्ये एका पोटमाळ्यावरच्या घरातून जेमतेम फूटभर लांबीचं नागाचं पिल्लू निसटलं. विषारी असल्यामुळे इमारत रिकामी करावी लागली, घराची जमीन उखडली गेली, जागोजागी दुहेरी चिकटपट्ट्या लावल्या गेल्या. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्लू अशाच एका पट्टीला चिकटून मेलेलं सापडलं. २०१९ मध्ये त्याच राज्यातल्या हेर्ने शहरात पाळलेला नाग सुटला आणि शेजारच्या घरांतल्या लोकांना काही दिवस बाहेर राहावं लागलं. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला आणि २०२१ पासून खाजगी व्यक्तींना जहाल विषारी प्राणी नव्याने पाळण्यावर बंदी आली.

भारतात देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी सापांबाबत मात्र बरीच वर्षं कायद्यात मोकळीक राहिली आणि त्या मोकळ्या जागेत बॉल पायथन शिरला. २०२२ च्या दुरुस्तीने ‘साइट्स’च्या यादीतल्या परदेशी प्राण्यांना कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली, आणि २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद करणं बंधनकारक झालं. तस्करी त्याआधीपासून चालू आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांना मिळाले होते.

महाराष्ट्रातल्या घरात हा साप सुटला तर एक धोका युरोपात नसलेला आहे. तपकिरी अंगावर गडद ठिपके असलेला जाडजूड साप म्हणजे इथे घोणसही असू शकते. देशी अजगराचं पिल्लू समजून घोणस हाताळल्याने दंश झाल्याच्या घटना सर्पमित्रांना चांगल्या माहीत आहेत. त्यामुळे आपला पाळीव साप हरवलेल्या घरात पलंगाखाली शेपटीचा तुकडा दिसला, तरी डोकं आणि पूर्ण नक्षी दिसेपर्यंत हात घालू नये. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. शंका असली तर दार बंद करून सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलावणं हाच मार्ग. उलट बाजूने शेजारपाजाऱ्यांचा प्रश्नही आहे. जिन्यात सापडलेला अनोळखी साप हा कोणाचा तरी पाळीव, बिनविषारी प्राणी असू शकतो, हे त्यांना माहीत नसतं. नोंद लपवून ठेवणारा मालक साप हरवल्याचंही लपवतो, आणि मग तो साप काठीखाली जातो.

या सापाचं आयुष्य मोठं असतं. नीट सांभाळला तर तो वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० मध्ये, साठी ओलांडलेली असताना, सात अंडी घातली. कित्येक वर्षांत तिचा नराशी संबंध आलेला नव्हता. एवढ्या काळात घरं बदलतात, भाडेकरार संपतात, मुलं मोठी होऊन बाहेरगावी जातात, आणि पेटीची कडी एकदा तरी नीट लागायची राहते.

ज्या रानातून हे सगळं सुरू झालं तिथली स्थिती आता चांगली नाही. शेतीखाली गेलेली गवताळ जमीन, मांस आणि कातड्यासाठी होणारी शिकार आणि परदेशी बाजारासाठी खणली जाणारी बिळं, या तिन्हींचा भार एकाच जातीवर पडतो आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची गणना आता संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत केली आहे. बेनिनच्या किनारी पट्ट्यात दांगबेला मानणारे लोक आजही त्याला मारत नाहीत, वाटेत मेलेला अजगर दिसला तर त्याचे अंत्यविधी करतात. शेजारच्या मुलखात पुढच्या कोरड्या ऋतूत पुन्हा बिळं खणली जातील. त्यातून निघणाऱ्या अंड्यांपैकी किती रानात परततात याची काटेकोर मोजणी व्हावी आणि खरेदी करणाऱ्या देशांनी ती मागून घ्यावी, असा आग्रह या जातीवर काम करणारे संशोधक धरत आहेत. नोंदणीचे नियम नुकतेच लागू केलेला भारतही आता त्या खरेदीदारांत मोडतो.